एका दमातली रेघ

ता. ४

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार. त्यांचं आपसात पटत नाही, असं आई म्हणाली. मी ठीक. मावशीही ठीक. (घोडीला मावशी म्हणते म्हणून रागावू नकोस, सगळ्या पागेवर तीच डाफरते.) उड्यांची अंतिम स्पर्धा एकोणीस तारखेला. जिंकले तर सलग पाचवं वर्ष. हल्ली कप मिळाला की पहिला विचार येतो, हा आता पुसणार कोण. दमले आहे गं, बाकी काही नाही.

उत्तर उशिरा आलं तरी चालेल, ओरडा मात्र नको.

तुझी,
उंडगी

ता. ९

चि. उंडगीस, अनेक आशीर्वाद वि. वि.

आज लेखणी तुझ्या आईच्या हातात नाही, खालच्या शिंप्याच्या हातात आहे. आईला मी गोळ्या आणायला पिटाळलंय. शिंपी कुणापाशी बोलणार नाही. गल्लीतल्या सगळ्या बायकांची मापं याच्या वहीत आहेत, आजवर एकही बाहेर फुटलेलं नाही.

तुझं पत्र आईनं वाचून दाखवलं, मग मी ते मागून घेतलं आणि बघत बसले. मला एक अक्षर कळत नाही, पण तुझी पत्रं वीस वर्षं बघतेय. तू आधी सगळी ओळ लिहितेस, मग वरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढतेस. शेवटी ती वर चढते, उडी घेतल्यासारखी. या पत्रात शब्दाशब्दाला वेगळी रेघ आहे, विटा रचल्यासारखी. तुझी आई मजकूर वाचते, म्हणून फसली. हा हात कुणाचा? आणि तुझा कुठे आहे?

पडलीस ना? डोक्याला लागलंय का, ते आधी सांग. मागच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले ते मी विसरलेले नाही. ऐकायला अक्षरं लागत नाहीत.

तूच मला सांगितलं होतंस, घोडी अडथळ्यापुढे थांबली की कुणी तिला मारत नाही, 'नकार' म्हणून लिहून घेतात. मावशीला जी मुभा आहे, ती माझ्या नातीला का नाही?

लोभ आहेच. तो वाढवायची ताकद आता उरली नाही, आहे तेवढ्यावर भागव.

आजी
(अंगठा)

ता. २०

ती. आजीस, सा. न. वि. वि.

हे डाव्या हातानं लिहितेय. मागचं पत्र आमच्या मोतद्दारानं लिहिलं. घोड्यांना खरारा करतो आणि माझ्या थापाही लिहून देतो. दोन तारखेला सरावात मावशी घसरली. माझा उजवा खांदा मोडला. डोकंही आपटलं. हो, तिसऱ्यांदा. पुन्हा आपटलं तर उठशील याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. तरी खांदा बांधून उतरायचं मी ठरवलं होतं. चार वर्षं जिंकणाऱ्याला घरी कसं बसायचं, ते कुणी शिकवत नाही.

डोक्याच्या मारामुळे मला वाचायला मनाई होती, म्हणून तुझं पत्र मोतद्दारानंच वाचून दाखवलं. विटांपाशी आल्यावर त्याचा चेहरा बघायला हवा होतास. दुसऱ्या दिवशी मी नाव मागे घेतलं. फॉर्मवर कारण विचारलं होतं, तिथे 'नकार' लिहिलं. काल मावशीवर आमच्यातली दुसरी मुलगी बसली. अडथळ्याची एक दांडी पडली, तिचा तिसरा नंबर आला. मी कठड्याशी बसून बघत होते. रडू येईल असं वाटलं होतं, झोप आली.

आता मी कोण, ते ठाऊक नाही. येऊ का?

तुझी,
उंडगी

ता. २४

चि. उंडगीस, आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा वाचायला घरी कुणी नव्हतं. मीच फोडलं. अक्षरं दारू प्यायल्यासारखी, पण वरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात. या वेळी ती चढली नाही. हळूहळू खाली उतरत आली.

तुझी आई दारात आली तशी मी तिला म्हटलं, आधी हिची गादी उन्हात टाक, वाचायचं मग बघू.

मग तिनं वाचलं. रडली, खाली जाऊन शिंप्याशी भांडली, आता नाक ओढत हे लिहून घेतेय. कप तिनं खोक्यात भरलेत. पुसायचं कुणालाच नको.

लोभ इथेच ठेवलाय, येऊन घेऊन जा.

आजी
(अंगठा)