नांगर कोणी घालवला

प्रिय ठकू,

गुडघ्याचे टाके परवा निघाले. घरात फिरते, पण होडीवर चढायला डॉक्टरांनी दोन महिने साफ मनाई केली आहे, त्यामुळे पुढच्या आठवड्यात बाबांबरोबर तूच जाणार हे नक्की. त्यात काय एवढं, नांगर तर टाकायचा, असं तू म्हणालीस, म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण बाबा शेजारच्या खोलीत असतात आणि नको तेव्हाच त्यांना सगळं ऐकू येतं.

आधी कामाचं. तळ वाळूचा किंवा चिखलाचा बघ. गवतावर नांगर नुसता घसरतो. पाण्याच्या खोलीत होडीच्या नाकाची उंची आणि भरतीला चढणारं पाणी मिळव, आणि त्या बेरजेच्या पाचपट साखळी सोडायची. चार, एक आणि दोन मिळून सात मीटर झाले तर पस्तीस. साखळीवर दर दहा मीटरला मी रंग दिलाय: पांढरा, पिवळा, लाल. नांगर फेकायचा नाही. होडी वाऱ्याकडे तोंड करून थांबली की हळू खाली सोडायचा, नाहीतर साखळीचा ढीग त्याच्याच डोक्यावर पडतो आणि सगळा गुंता होतो. होडी मागे जाईल तशी साखळी सोडत जायची, शेवटी इंजिन जरा उलटं चालवून ताण दे. मग किनाऱ्यावरचा एखादा खांब आणि त्यामागचं घर एका रेषेत धर. रेष मोडली तर नांगर सरकतोय. बाबा पुढे उभे राहून साखळी सोडतील आणि हातानं खुणा करतील, तू मागे सुकाणू धर. मूठ म्हणजे थांब, उघडा तळवा म्हणजे मागे. पस्तीस वर्षांत नांगर टाकताना आम्ही एकमेकांवर कधी ओरडलो नाही. त्याची भरपाई घरी केली.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. आईनं साखळीचं टोक बांधलंच नाही आणि नांगरासकट चाळीस मीटर साखळी पाण्यात घालवली, हे तू सगळ्या नातेवाइकांना रंगवून सांगतेस. जावईबापूंनी तर वाढदिवसाला मला इवलासा नांगर दिला, मनगटाला बांधायच्या दोरीसकट. मीही हसले.

टोक मी सोडलं नव्हतं. आत साखळी ठेवायच्या खणात एक कडी आहे, तिला ते दोरीनं बांधलेलं असतं. दोरीनं अशासाठी, की अडचणीत सुरीनं कापता यावं. त्या सकाळी बाबांनी ते सोडून साखळी धुतली. बांधलंत का, असं मी विचारलं, तर हो म्हणाले. दुपारी साखळी खडखडत सुटली, टोक त्यांच्या पायाजवळून पाण्यात गेलं, आणि ते उघडा तळवा तसाच धरून उभे राहिले. मग वळून त्यांनी मला विचारलं, आपण नांगर टाकला का? मी म्हटलं, टाकला, पण टोक बांधायचं माझ्याकडून राहिलं. ते जवळ आले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, असू दे, होतं असं. इतक्या मायेनं त्यांनी मला कधी माफ केलं नव्हतं.

रंग हौसेनं दिलेले नाहीत. किती साखळी सोडली ते त्यांच्या ध्यानात राहत नाही. पुढच्या महिन्यात त्यांना डॉक्टरांकडे नेणार आहे. माझ्या गुडघ्यासाठी सोबत चला, असं सांगितलंय. तोवर पाण्यावर जाऊ नका म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते होडीवर असतात तेव्हा अजून अगदी आपले बाबा असतात. म्हणून एवढं कर. दर वेळी नांगर टाकण्याआधी, त्यांचं लक्ष नसताना, खणात हात घालून ती गाठ चाचपून बघ. साखळी तूही मनात मोज. काही चुकलंच तर ते तुझ्याकडून चुकलं म्हण; ते रागावणार नाहीत. आणि माझी चेष्टा मात्र चालू ठेव. एकदम थांबलीस तर त्यांना शंका येईल.

तुझीच,
नांगर घालवणारी आई