पिठासारखी माती

पूर्व कोलोरॅडो,
मार्च १९३६

प्रिय ऑरिन,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. शेजारचा पर्सी गॉस गावात गेला होता, त्यानं आणून दिलं. दारातच दोनदा झटकून आत दिलं, कारण हल्ली टपालाबरोबर ओंजळभर माती घरात येते. रूबीला दिवस गेलेत हे वाचून फार बरं वाटलं. तिला म्हणावं, मळमळत असेल तर सकाळी डोळे उघडल्याबरोबर कोरडा पाव चघळ. हा माझ्या सासूबाईंचा उपाय, आणि त्यांचे सगळेच उपाय काही भयंकर नव्हते. तू आम्हा दोघांना तिकडे ऑरेगॉनला बोलावलं आहेस, मागची खोली रिकामी करून ठेवली आहेस. त्याचं उत्तर शेवटी देते. ते लिहायला मला जरा बळ गोळा करावं लागणार आहे, तोवर तू विचारलेलं सांगते.

तुमच्या गावच्या जत्रेत जुन्या वसाहतकऱ्यांच्या वंशजांना कोटावर निळी फीत लावतात म्हणे, आणि रूबीचे वडील सारखे विचारतात की तुमचं पार्मली घराणं मूळचं कुठलं. बाबांना विचारलं असतंस तर त्यांनी बैल, गाडे आणि पूर आलेल्या नद्या सांगितल्या असत्या. त्यांच्या गोष्टीत पार्मली घराण्यातला प्रत्येक पुरुष छाती पुढे काढून मावळतीकडे बघत उभा असतो. मी तुला तुझ्या आजीकडून ऐकलेलं सांगते. कॅन्ससला आम्ही दोघी ओट्यावर बसून घेवड्याच्या शेंगा सोलायचो, तेव्हा तिची जीभ सुटायची. शेंगांची टोपली रिकामी झाली की गोष्ट तिथेच थांबायची, मग मी मुद्दाम हळू सोलायची.

तुझ्या पणजोबांचे वडील एलिफलेट. ते व्हर्मांटचे. तिथली जमीन म्हणजे दगड, आणि एका वर्षी तर जूनमध्ये बर्फ पडून पीक गेलं. त्यांनी गाडा जुंपला. त्यांची आई गाड्यात चढायलाच तयार होईना. दारात खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, “तुमचं फिरून झालं की या. मी इथेच आहे.” कोणी परत गेलं नाही. ती कधी गेली, तिला कोणी पुरलं, हे घराण्यात कोणालाच ठाऊक नाही. ओहायोत त्यांनी जंगल तोडलं, राख झालेल्या मातीत मका घातला, आणि कणसं अशी आली म्हणे की माणूस आत हरवावा. मग त्याच वावरात मका, पुन्हा मका. मका गुडघ्याएवढा राहिला तेव्हा त्यांचा मुलगा असाहेल आयोवाला निघाला. एलिफलेट म्हातारे झाले होते, ते आणि त्यांची बायको मागे राहिले. असाहेलचा मुलगा ल्यूथर, म्हणजे तुझे आजोबा. त्यांच्याशी तुझी आजी पर्मेलिया आयोवात लग्न करून आली. घटसर्पाच्या एका साथीत तिची तीन मुलं गेली. त्या तिघांच्या नंतर बाबा जन्मले. तिघं तिथल्याच टेकाडावर पुरलेली आहेत. ल्यूथर आजोबांनी कॅन्ससला जायचं काढलं तेव्हा ती म्हणाली होती, “या घराण्याला मावळतीचं व्यसन आहे. त्यापेक्षा दारू परवडली असती, दारुडा निदान रात्री घरी तरी येतो.” पण निघाली. काय करणार होती?

कॅन्ससला तेव्हा एक बोलणं सगळ्यांच्या तोंडी होतं, की पाऊस नांगराच्या मागे मागे येतो. तुम्ही कोरडा माळ फोडत चला, ढग तुमच्यामागून येतात. आता हसू येतं, पण शहाणीसुरती, शिकलेली माणसं हे बोलत होती. आजोबांनी जेवढं गवत होतं तेवढं उलथं केलं आणि आभाळाकडे बघत बसले. काही वर्षं पाऊस आलाही, दुर्दैवानं. त्यामुळे खात्री पटली. पुढे तो गेला तो गेलाच. आजोबा वारले, आणि बाबांनी तेच केलं जे त्यांच्या आधी तिघांनी केलं होतं. आम्ही इकडे यायला निघालो तेव्हा तू माझ्या मांडीवर होतास. आजी आली नाही. गाड्याचं चाक धरून मला म्हणाली, “लव्हिना, पत्रात जमिनीचं कौतुक लिहू नकोस, मी ते फार ऐकलंय. पोराला दात किती आले ते लिही.” मी लिहीत राहिले, ती गेली तोपर्यंत.

हे सगळं तुझ्या सासऱ्यांना सांगावंसं वाटलं तर सांग. आमच्याकडे ‘पुढे गेलो’ म्हणायची पद्धत आहे. मला विचारशील तर प्रत्येक वेळी आम्ही जमीन खाऊन संपवली आणि ताट बदललं. त्या जमिनीवर आमच्या आधी कोण राहत होतं, हे आमच्या घरात कोणी विचारल्याचं माझ्या कानावर नाही. मीही विचारलं नाही.

पण बाबांना मात्र तू आळशी किंवा अडाणी समजू नकोस. त्यांच्याएवढा कष्टाळू माणूस या भागात नव्हता, आणि दुखणं तिथेच आहे. तू लहान होतास तेव्हा आगगाडीतून फिरणारे शेतीचे व्याख्याते आले होते, तुला आठवतं का? त्यांनी सांगितलं की कमी पावसाच्या मुलखात ओल राखायची तर पाऊस पडला की लगेच कुळव घालायचा, वरची चार बोटं माती पिठासारखी बारीक करायची, म्हणजे खालची ओल उडून जात नाही. बाबांनी ते मंत्रासारखं धरलं. सर आली की ताट सोडून घोडे जुंपायचे. एक ढेकूळ राहू द्यायचे नाहीत, एक तण नाही, मागच्या पिकाचं एक धसकट नाही. लोक रविवारी प्रार्थनेहून येताना गाडी थांबवून आमचं वावर बघायचे. आणि शेजारी पर्सीचं रान! अर्ध्यात गवत तसंच, अर्ध्यात धसकटं उभी. बाबा म्हणायचे, “पर्सी, तुझ्या शेतात कुळव हरवला तर वसंतापर्यंत सापडायचा नाही.” पर्सी म्हणायचा, “हरवायला कुळव बाहेर काढावा लागतो, अ‍ॅल्वा.” आणि पुन्हा ओट्यावर पाय पसरून बसायचा.

वारा सुटला तेव्हा पर्सीचं रान जागेवर राहिलं. आमचं उठलं. सगळ्यात आधी आमचं उठलं, बाळा, कारण ते सगळ्यात बारीक होतं.

आता इथे आम्ही ताटं पालथी मांडतो. वाढायच्या क्षणी सुलटी करायची आणि भरभर जेवायचं. खिडक्यांना ओल्या चादरी टांगते, सकाळपर्यंत त्यांचा चिखल होतो. काटेरी झुडपांचं कोवळं तण गाईला घालतो, आणि मिठाच्या पाण्यात मुरवलं तर आम्हीही खातो. वाईट लागतं, पण चार दिवसांनी जीभ हुज्जत घालायची थांबते. कुंपण गाडलं गेलंय, कोंबड्या त्याच्यावरून चालत जातात. बाबा रोज सकाळी घोड्याला खरारा करतात, कोट घालतात आणि वावराच्या कडेला जाऊन उभे राहतात. घोडा जुंपत नाहीत. कोणी वाईट बोललं तर भांडता तरी येतं. पर्सी एक शब्द बोलत नाही. दर शनिवारी दोन ससे सोलून आणून देतो आणि पायरीवर बसून राहतो. त्याच्या त्या गप्प बसण्यानं बाबा जास्त खचतात. मी एकदा पर्सीला म्हटलं, अरे, एखादा टोमणा तरी मार. तो म्हणाला, “वहिनी, मी आळशी होतो, शहाणा नव्हतो. टोमणा कशाच्या जोरावर मारू?”

एफीबद्दल मी तुला मागच्या वसंतात चारच ओळी लिहिल्या होत्या. तू त्या रागानं वाचल्या असशील, कारण बहीण गेली आणि आईनं एवढंच कळवलं. तेव्हा पुढे लिहायला माझा हात चालत नव्हता. तिच्या छातीत माती बसली होती. शेवटी तिला खोकायलाही जोर राहिला नाही. मातीचं काळं वादळ चाललं होतं, गावच्या दफनभूमीकडचा रस्ता दिसत नव्हता, म्हणून बाबांनी आपल्याच वावराच्या कोपऱ्यात खणायला घेतलं. पर्सी फावडं घेऊन आला, त्याला हात लावू दिला नाही. कंबरेएवढं खणलं की कडा ओघळायच्या आणि खड्डा भरायचा. पुन्हा उपसायचे, पुन्हा भरायचा. मी ओल्या फडक्यात तोंड बांधून काठावर उभी होते. शेवटी ते खड्ड्यात तसेच उभे राहिले, मूठभर माती घेतली, बोटांतून गळू दिली आणि मला म्हणाले, “किती बारीक केली गं मी ही.” तेवढंच. ऑरिन, त्या माणसानं आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला असेल, पण असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. देवा, तो मला पुन्हा ऐकवू नकोस, असं मी रोज म्हणते.

आता तुझं उत्तर. डॉक्टर गेल्या महिन्यात येऊन गेले, बाबा गोठ्यात होते तेव्हा. माझ्याही छातीत तेच आहे. उन्हाळा बघेन असं त्यांना वाटत नाही, आणि मलाही वाटत नाही. एवढं पत्र लिहायला मला पाच दिवस लागले. बाबांना मी सर्दी म्हणून सांगितलंय. ते विश्वास ठेवतात, कारण ठेवला नाही तर काय करायचं हे त्यांना माहीत नाही. मला प्रवास झेपणार नाही, आणि झेपला असता तरी मी एफीला सोडून हलले नसते. या घराण्यातल्या बायकांनी आजवर पुष्कळ जणांना मागे सोडलंय. पण बाबांनी इथे राहता कामा नये. त्यांनी दुसऱ्यांदा या मातीत खणायला उतरू नये, एवढंच मला हवंय. मी पर्सीशी बोलले आहे. तो म्हणाला, “आधी फळ्या ठोकीन आणि मग खणीन, वहिनी. कोसळू देणार नाही.” म्हणून तू ताबडतोब बाबांच्या नावे पत्र लिही. आश्रयाला या असं लिहिलंस तर ते मुळीच येणार नाहीत. रूबीला दिवस गेलेत, तू दिवसभर लाकडाच्या गिरणीत, घरात कोणी पुरुष हवा, असं लिही, आणि आई घर आवरून मागाहून आली तरी चालेल असं लिही. कोंबड्या विकून, गाय पर्सीच्या हवाली करून महिन्याभरात निघते, असं मी त्यांना इथे सांगेन. त्यांचे लोकरीचे मोजे मी रफू करून ठेवले आहेत. बोट पकडायला मूल मिळालं तर ते तुझ्याकडे तग धरतील. तिथे पुढे समुद्रच आहे, तेव्हा आता आणखी कुठे जायचं काढणार नाहीत. स्टेशनावर त्यांना घ्यायला तू एकटाच जा, रूबीला तोंडावर काही लपवता येत नाही. गाडीतून उतरल्या उतरल्या ते तुला सांगतील, तुझी आई पुढच्या महिन्यात येतेय. तेव्हा फक्त हो म्हण.

तुझीच,
आई