सरिताच्या गालावरची पावडर

१२ जाने., सोम.
पार्लरचं सामान आणायला कॅम्प तीनच्या बाजारात. शेअर रिक्षात मांडीवर कुणाचा तरी जीन्सचा गठ्ठा. नेहमीच्या सिंधी आंटीने मिनरल पावडरची डबी बळेच पिशवीत घातली. "इसमें न सेंट है, न तेल. अभ्रक, झिंक, बस. लगाके तो देख." माझ्या गालावरच्या वांगाच्या डागांवर कुठलंही फाउंडेशन लावलं की संध्याकाळपर्यंत खाज, सकाळी पुटकुळ्या. आधी आठ दिवस स्वतःवर. मगच इथल्या, बेलवलीच्या गिऱ्हाईक बायकांना.

२० जाने., मंगळ.
आठ दिवस झाले. खाज नाही, एक पुटकुळी नाही. वांग झाकलं जातं पण चेहऱ्याची रंग दिलेली भिंत होत नाही. एक कळलं. बर्फ फिरवून लगेच लावली तर पिठासारखी वरच पडून राहते. चेहऱ्यात ऊब परत आली की मुरते. आंटीला फोन केला. "हां, चमड़ी की गरमी से ही बैठता है." एवढं आधी सांगायला काय झालं होतं!

२४ जाने., शनि.
खालच्या मजल्यावरच्या सरिताकडे हळदीकुंकू. तिची कातडी फार नाजूक. मागे कुठल्याशा क्रीमने डोळे सुजले होते, तेव्हापासून मेकअप म्हटलं की घाबरते. तिला ही लावली. बराच वेळ आरशात बघत बसली. म्हणते, "वैशाली, काही लावलंय असं वाटतच नाही गं. मीच आहे, पण नीट झोप झालेली मी." दोघी हसलो. रात्रीपर्यंत काही उठलं नाही तिला. तिळाचे लाडू दिलेत, कडक आहेत.

५ फेब्रु., गुरु.
सरिता गेली.
सकाळी ओट्यापाशी कोसळली. एक्केचाळीस वय. डॉक्टर आले, तपासलं, गेल्याचा कागद लिहून दिला. तिचा भाऊ नाशिकहून निघालेला, म्हणून थांबले होते. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "माझी सून सवाष्ण गेली. हळदीकुंकवाला तयार केली होतीस तशी कर तिला." नाही म्हणवलं नाही.
आत मी आणि तिची मुलगी मानसी. कॉलेजात आहे, दुसऱ्या वर्षाला. ती आईचा हात धरून जमिनीवर बसलेली. गाल गार होता सरिताचा. पावडर नुसती वर बसणार हे माहीत होतं, म्हणून थोडीशीच घेतली. ब्रश फिरवला.
मुरली.
दुसऱ्या गालावर घेतली. तिथेही. चेहरा अगदी त्या शनिवारसारखा
नाकाशी बोटं धरली. काही नाही. मनगट धरलं, पण माझ्याच बोटांत इतकं धडधडत होतं की तिचं काय नि माझं काय. बाहेर येऊन सासूबाईंना म्हटलं, "डॉक्टरांना पुन्हा एकदा बोलवायचं का?" त्या म्हणाल्या, "कशाला गं? कागद दिलाय ना त्यांनी." तेवढ्यात भाऊ दारात आला आणि सगळ्याच रडायला लागल्या. मी परत बोलले नाही.
चार वाजता नेली.

६ फेब्रु., शुक्र.
आंघोळ घालताना तेल-हळद लावली होती. तेलाने धरली असणार पावडर. ह्यांना सांगितलं. "तेलच ते. उगाच डोक्यात घेऊन बसू नकोस." बरोबर आहे. तेलच.

८ फेब्रु., रवि.
हात बर्फाच्या पिशवीखाली ठेवला, बधिर होईपर्यंत. तेल चोळलं, हळद लावली, वर पावडर. धरली खरी. पण चिकटून, लगदा होऊन, पिवळे डाग. तिच्या गालावर डाग नव्हते.
मेलेल्या माणसाचं वेगळं असेल. मला काय माहीत. विचारू तरी कुणाला.

११ फेब्रु., बुध.
गिऱ्हाईक डोळे मिटून खुर्चीत. निम्म्यात माझा हात थांबला. "ताई, काहीतरी बोलत राहा ना," म्हटलं तर हसायला लागली, "बोलले तर ब्रश तोंडात जाईल की!" तिला पावडर आवडली. नणंदेसाठीही हवी म्हणते. हलकी आहे, उन्हातही त्रास होत नाही, सगळ्या असंच सांगतात. मी गेले सहा दिवस चेहऱ्याला काही लावलेलं नाही.

१७ फेब्रु., मंगळ.
सरिताचं तेरावं. जेवणं झाल्यावर मानसी माझ्या मागोमाग वर आली. पार्लरचं दार लोटून घेतलं.
"काकू, तुम्ही ब्रश फिरवत होतात ना, तेव्हा आईने माझी बोटं दाबली. एकदाच. मला वाटलं माझाच हात थरथरतोय."
मी खुर्चीवरचा टॉवेल उचलून घडी घालायला घेतला.
"तुम्ही लगेच बाहेर जाऊन आजीला काहीतरी म्हणालात. काय म्हणालात?"
खालून आजीने हाक मारली. मी म्हटलं, उद्या ये. "उद्या कॉलेज सुटलं की येते. पण खरं सांगायचं हं, काकू." मान डोलावली मी.

१८ फेब्रु., बुध.
दुपारची दोन गिऱ्हाइकं परत पाठवली.
तेल होतं, एवढंच सांगायचं ठरवलंय. मला काही वाटलं नाही, तुझाच हात थरथरला असेल. एकोणीस वर्षांची पोर. पण मग आईने दाबलेली ती बोटं घेऊन ती एकटीच जगणार. आणि खरं सांगितलं तर ती पहिलं हेच विचारेल की काकू, तुम्ही ओरडला का नाहीत. त्याचं उत्तर सकाळपासून शोधतेय.
चहा ठेवला होता, उतू गेला. गॅस बंद केला.
जिन्यात चपला वाजतायत. दार उघडंच