निकियाचा लहान राजा

लोणावळा, ३ नोव्हेंबर २०२५

ती. नानांना कोमलचा सा. न. वि. वि.

इर्शादभाईंच्या रिक्षातून तुमच्या इतिहासाच्या पुस्तकाचं आठवं प्रकरण मिळालं, टाइपही झालं. काय ते अक्षर, मुंग्यांची मिरवणूक नुसती! फिरंग्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं, बादशाही बुडाली, आणि निकिया, एपिरस, ट्रेबिझोंड असे तीन कोपरे धरून तिघं वारस म्हणतात, मीच खरा बादशहा. शत्रू राहिला बाजूला, हे एकमेकांच्याच उरावर! सविताआत्या म्हणाली, ही तर आपल्या कुरवंड्याचीच गोष्ट. रखमाजीकाका आणि कैलासकाका बांधावरून अजून भांडतात का हो?

निकियाचा तो लहान राजा योहान मला फार आवडला. माझ्यासारखाच, आईबाप गेलेला. त्याला सांभाळायची शपथ सरदार मिखाईल घेतो, तिथे प्रकरण संपतं. पुढचं लवकर पाठवा. बारा डिसेंबरला मी अठराची होते, त्याआधी पुस्तक तुमच्या हातात द्यायचंय. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, निदान पत्राचा तरी आळस करू नका.

तुमची बिनपगारी टायपिस्ट,
कोमल

कुरवंडे, १४ नोव्हेंबर

चि. कोमल हिस अनेक आशीर्वाद.

पुढचं प्रकरण होत नाही पोरी. चारदा लिहिलं, चारदा फाडलं. आठव्यावरच संपव.

रखमाजी आणि कैलास आता भांडत नाहीत, याचीच मला धास्ती. बंगले बांधून विकणाऱ्या त्या बंगलेवाल्याला कड्याकडचा माळ सलग हवाय आणि मधोमध तुझ्या बापाचा, आमच्या निवृत्तीचा, हिस्सा. सातबाऱ्यावर तुझ्या नावापुढे ‘अज्ञान, पालक चुलता हनुमंत’ असं आहे. तू अठराची होईतोवर माझी सही चालते, म्हणून दोघं रोज ओट्यावर येऊन बसतात. रखमाजी म्हणतो, पोरगी उद्या परक्याच्या घरी जायची, तिला माळ कशाला? कैलास म्हणतो, सही न्हाई केली तर मेल्यावर खांदाबी देणार न्हाई. मी सत्तरीचा, बहिरा, एकटा. माझं ताटही कैलासच्या घरून येतं.

तू अभ्यास कर. सविताला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा नाना

लोणावळा, २२ नोव्हेंबर

ती. नानांना सा. न.

पुढचा इतिहास मीच शोधून वाचला. योहान अकरा वर्षांचा असताना मिखाईलने त्याचे डोळे घालवले. आंधळा राजा गादीवर बसू शकत नाही म्हणून! शपथ घेणाऱ्यानेच! चारदा का फाडलंत ते कळलं.

नाना, सही करू नका. वीस दिवस कळ काढा. आत्याकडे निघून या, ताट मी वाढीन. पाया पडते तुमच्या.

कोमल

कुरवंडे, ६ डिसेंबर

कोमल,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. मंगळवारी वडगावला कचेरीत जाऊन मी विक्रीच्या कागदावर सही केली. तुझं पत्र खिशात होतं. कैलासने पेन पुढे केलं आणि मी ते घेतलं. दोन दिवस ताट आलं नव्हतं, एवढंच कारण. एवढ्यासाठी मी तुला विकलं. निवृत्तीला वर जाऊन काय तोंड दाखवू?

सोबत नववं प्रकरण आहे, एका बैठकीत उतरलं. मला माफ करू नकोस.

हनुमंत

लोणावळा, १३ डिसेंबर

ती. नानांना सा. न. वि. वि.

काल अठराची झाले. केक आणला होता, कापला नाही.

नववं प्रकरण टाइप केलं, शब्दही बदलला नाही. तुम्ही लिहिलंय, मिखाईल मेल्यावर कितीतरी वर्षांनी त्याचा मुलगा योहानला कोंडलेल्या किल्ल्यात जाऊन त्या आंधळ्याची माफी मागून आला. मला तेवढं थांबायचं नाही नाना. तुमच्या मागे माफी मागायला कुणी मुलगाही नाही.

वकीलबाई म्हणाल्या, सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत त्या सहीवर दावा लावता येतो. मी लावतेय. बंगलेवाल्यावर, दोन्ही काकांवर, आणि तुमच्यावरही. खूप रागावलेय मी तुमच्यावर. पण ती सही कशी घेतली हे तुमच्याशिवाय सांगणार कोण? साक्षीदारांत पहिलं नाव तुमचंच दिलंय.

सोमवारी आठ वाजता इर्शादभाई दारात रिक्षा आणतील. कपडे सगळे घेऊन या. जेवायला आता इथेच आहात.

तुमची,
कोमल