न कळणाऱ्या पायाला करंट

बुधवार, ८ नोव्हेंबर १९९५, अंबरनाथ

आणि वर मलाच म्हणतात, तहान नाही. सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच. डाव्या अंगावरून वारं गेल्यापासून यांना लघवी धरवत नाही, म्हणून पाणीच सोडलंय. असं कुठे असतं का? लघवी कोऱ्या चहासारखी होते म्हणून डॉक्टरीण ओरडली.

आज तिच्याच दवाखान्यात नेलं होतं, कॅम्प पाचला. डाव्या घोट्याजवळ पट्ट्या लावून बारीक करंट देते, आठवड्यातून दोनदा. काही जणांना त्याने लघवी धरता येते म्हणाली. हे जन्मभर कारखान्यात वायरमन. म्हणाले, "आधी हिला लावा." घेतलं मी लावून. मुंग्या आल्या, अंगठा हलला, बस्स. मी म्हटलं, "बघा, मेले का मी?"

तर म्हणतात, "तुझ्या पायाला कळलं. माझ्या डाव्याला काही कळत नाही. जो करंट कळत नाही तोच माणसाला खातो." आणि पट्ट्या न लावताच चप्पल मागितली.

रिक्षात मी खूप बोलले. घरी आलो, तांब्या तसाच. आता मलाच धास्ती बसलीय. खरंच पाय भाजला तर? आणि पाण्यावाचून किडनी गेली तर?

उजव्या, चांगल्या पायाला लावून चालतं का, हे तिथे सुचलंच नाही मला. उद्या चिठ्ठी पाठवते तिला: बाई, चालतं की नाही ते शनिवारपर्यंत सरळ सांगा. नाही सांगितलंत तर शनिवारी यांना घेऊन तुमच्या दारात बसेन.