कड्यावरचा म्होरक्या

४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तुझ्या वैमानिकाच्या चित्रकथेतला चाच्यांचा म्होरक्या म्हणजे हुबेहूब आमचे हे. तेच टक्कल, त्याच मिशा, तीच कमरेवर हात ठेवून ओरडायची तऱ्हा. ऑफिसात सगळे त्यांना म्होरक्याच म्हणतात. मेहुण्याला बघून घेतो असं रोज म्हणतात आणि पेपर आला की आधी तेच पान उघडतात.

आता कामाचं. वीस तारखेला त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. आणि तू तर म्होरक्याला कड्याच्या टोकाशी नेऊन उभं केलंयस. काल यांनी अगदी सहज विचारल्यासारखं केलं, धाकटा याला ढकलणार का म्हणून. माणूस कशाला घाबरणारा नाही, पण मला त्यांचा आवाज कळतो. त्याला ढकलू नकोस.

लोभ आहे तो राहू दे, राग आला तर तोही चालेल.
तुझी ताई

९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. अगं, पेपरात आज दिसतं ते मी काही आठवड्यांपूर्वी काढून दिलेलं असतं. म्होरक्याला मी केव्हाच ढकललंय, आणि तो पडतो नेमका वीस तारखेच्या अंकात.

तसाच उठून संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, वाचक वर्षभर याच्या मरणाची वाट बघताहेत. मी हट्टालाच पेटलो. शेवटी तिथल्याच एका टेबलावर बसून पडणारा माणूस पांढऱ्या रंगाने पुसला आणि त्याच्या जागी झाडाच्या मुळाला लोंबकळणारा काढला. वैमानिक आता वर उभा राहून बावळटासारखा बघतोय. भाऊजींना म्हणावं, तुमच्यापायी माझ्या नायकाची अब्रू गेली. हसले तर कळव.

माया असू दे.
तुझा धाकटा

६ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. तू चार दिवस राहून गेलास, पण घरात सारखी माणसं होती, त्यामुळे हे सांगायचं राहिलं.

त्या सकाळी यांना आत नेण्याआधी पेपर आला. चित्र बराच वेळ पाहिलं, मग खो खो हसले. नर्सला दाखवून म्हणाले, एवढं लोंबकळूनही याच्या पायातली चप्पल कशी पडत नाही, मेहुण्याला जरा शिकवायला हवं. हसतच आत गेले. ते परत आलेच नाहीत.

पेपर अजून रोज येतो. काल म्होरक्या अगदी यांच्याच शब्दांत आपल्या माणसांवर डाफरत होता, रिकाम्या खोलीत दिवे कशाला जाळता म्हणून. मी उठून स्वयंपाकघरातला दिवा बंद करून आले आणि मग पोटभर रडले.

त्याला कधीतरी फाशी होणार हे मला कळतं. तुझ्या धंद्याची ती रीतच आहे. फक्त मला आधी कळव. त्या दिवशी पेपर टाकू नका म्हणून सांगेन.

सांभाळून राहा.
ताई

१२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पेपर बंद करू नकोस. संपादकांना सांगून आलो, हा मरणार नाही, हवं तर वैमानिकाला मारा.

चित्रकथेत कोणाचं वय वाढत नाही. माझा वैमानिक पहिल्या दिवसापासून पंचविशीचाच आहे. म्होरक्याचं मात्र यापुढे वाढणार, तुझ्या जोडीने. पुढच्या महिन्यात त्याला वाचायचा चष्मा लागतोय.

तुझा धाकटा