शिमल्याचा कोट मकाऊला

बाबा, आई उद्या सकाळी मकाऊला चाललीय. हे तुम्हाला सांगायला हवं असं दुपारपासून वाटतंय, म्हणून लिहायला बसले. बसले म्हणजे काय, मध्येच उठून तिची बॅग पाहून आले, औषधांचा डबा उघडून पाहिला, गॅस बंद आहे की नाही ते पाहिलं. मकाऊ म्हणजे चीनच्या टोकाला, समुद्राच्या काठचं शहर. लोक तिथे कॅसिनोत जुगार खेळायला जातात. तुमची बायको, सत्तरी कधीच ओलांडलेली, हृदयात स्टेंट घातलेली, काठी टेकत चालणारी, जुगार खेळायला चाललीय आणि मला काही सुचत नाहीये.

सुरुवात केली माझ्या मुलाने. तुम्ही गेलात तेव्हा तो रांगत होता, आता त्याला बढती मिळते आणि आजीला फिरवून आणावंसं वाटतं. फोनच्या स्पीकरवर म्हणाला, आजी, दोन ऑप्शन आहेत. एक शिमला. जुनी लाकडी घरं, चर्च, छोटी रेल्वे, सगळं हेरिटेज, निवांत. नाहीतर मकाऊ, तुला पत्ते आवडतात ना, खरा कॅसिनो दाखवतो. मकाऊ तो गमतीत म्हणाला होता, हे कुणालाही कळलं असतं. पण मला शिमलाच ऐकू आलं. तुमचं शिमला ते. मी आईकडे पाहिलंही नाही, शिमला पक्कं असं सांगून मोकळी झाले. आई मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही. "मकाऊ," म्हणाली.

मला थट्टा वाटली. मग कळलं, बाई खरंच बोलतायत. अपन तिथे जाऊन काय करणार, म्हणे, टुकुर टुकुर पहाड बघत बसायचं? आणि मला तुमचा इतका राग आला, म्हणजे तुमच्या वतीने राग आला, की मी तशीच स्वयंपाकघरातून निघून गेले.

कारण तो ओटा तोच आहे, बाबा. मला सगळं दिसतं. सकाळ आहे, आई पोह्यांवर झाकण ठेवतेय, तुम्ही ऑफिसचा शर्ट घालून दारात उभे आहात आणि खिशातून शिमल्याची तिकिटं काढताय. कुणाला न विचारता काढलेली, तुमची ती सवयच. आई मागे न वळता सांगते की तिचा गुडघा धरलाय. पुढच्या खेपेला पापडांचं निमित्त, त्याच्या पुढे मावशीचं बाळंतपण. दर वेळी तुम्ही स्टेशनवर जाऊन तिकिटं परत करायचात आणि येताना आमच्यासाठी कचोऱ्या आणायचात, जणू त्यासाठीच गेला होतात. एका हिवाळ्यात तर फुटपाथवर स्वेटर विकणाऱ्या तिबेटी बाईकडून तुम्ही आईला जांभळा लोकरीचा कोट आणलात. इंदूरच्या थंडीत असला कोट कोण घालतं? तो शिमल्यासाठी होता. आईने त्याची घडीसुद्धा मोडली नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, मला राहवलं नाही, तोंडावर म्हटलं तिला, की तू बाबांची एक हौस पुरी होऊ देत नाहीस. आणि कधी आवाज न चढवणारे तुम्ही माझ्यावर खेकसलात. "आईशी असं बोलायचं नाही. तिला नसेल यायचं, तर नसेल." एवढं बोलूनच तुम्हाला खोकल्याची उबळ आली, आणि दम्याचा पंप शोधायला आईच धावली.

शेवटच्या वर्षी तुम्ही आम्हा सगळ्यांना खजरान्याच्या गणपतीला नेलंत. देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढायचा, इच्छा सांगायची, ती पुरी झाली की येऊन तो सरळ काढायचा. तुम्ही कुंकवात बोट बुडवलंत आणि "शिमला, सहकुटुंब" असं मोठ्याने मागितलंत, गणपतीला कमी ऐकू येतं की काय अशा आवाजात. आसपासच्या बायका हसल्या. ते वर्ष सरायच्या आत तुकोगंजच्या दवाखान्यात तुम्ही गेलात. तो स्वस्तिक उलटाच राहिला. मला ते अजून डाचतं.

म्हणून मी हटले नाही. आईशी रोज वाद. ती मकाऊ, मी शिमला. शेवटी मी ओरडले, की बाबांसाठी तरी जा, त्यांचा तो स्वस्तिक सरळ करायचाय. तेव्हा तिने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"त्यांच्या शेजारी मी पण एक काढला होता," ती म्हणाली. "डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, यांच्या छातीला ती थंडी, ती चढण झेपायची नाही. यांना सांगितलं असतं तर मुद्दाम गेले असते. मग दर वेळी मीच नाही म्हणायचं. गणपतीला म्हटलं, यांचं तिकडे जाणं होऊ देऊ नको. माझं मागणं पुरं झालं. यांचे दिवस झाले आणि मी एकटी जाऊन सरळ करून आले."

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"गेले ते माझ्या हातात गेले. तिकडे काही झालं असतं तर मी कुणाला हाक मारली असती? आता ज्या पहाडावर यांना जाऊ दिलं नाही, तिथे मी कुठल्या तोंडाने जाऊ, सांग."

आणि मकाऊच का? तर म्हणे, तिथे जायची गोष्ट यांनी कधी काढली नाही. वर हेही खरंच की भिशीत रमी खेळताना आख्खी कॉलनी तिला टरकून असते.

बाबा, तुम्हाला ठाऊक होतं का हो? "तिला नसेल यायचं" म्हणालात, ते ठाऊक असून म्हणालात का? मी उलटसुलट विचार करून थकले. तुम्ही बिनबोभाट कचोऱ्या आणायचात म्हणजे तुम्हाला कळलं होतं, असं एकदा वाटतं. मग वाटतं, छे, कळलं असतं तर पुढच्या वर्षी पुन्हा तिकिटं कशाला काढली असती.

तिकिटं झाली. मला परीक्षांची ड्यूटी, त्यामुळे आजी-नातू दोघंच जाणार. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वेळेवर घ्या, एअरपोर्टवर व्हीलचेअर घ्या आणि खुशाल जा. इतक्या सहज कसं काय म्हणाले कोण जाणे. आता ती नातवाला घेऊन बाजारात गेलीय, नव्या चपला हव्यात तिला. बॅगेत सगळ्यात वर तुमचा जांभळा कोट आहे. कॅसिनोत एसी फार असतो म्हणे.

बुधवारी मी तिला खजरान्याला नेलं. ते दोन स्वस्तिक आता कुठले दिसायला. तिने एका हाताने काठी धरली, दुसऱ्या हाताने उलटा स्वस्तिक काढला आणि डोळे मिटले. तिला काय हवंय ते विचारायची गरजच नव्हती. मी तिच्या मागे उभी होते. तिला जिंकून येऊ दे असं मागावं, म्हणून मीही कुंकवाला बोट लावलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून खरं काय ते लिहिते. आई पुढ्यात उभी असताना मी मागितलं, की फ्लाइट रद्द होऊ दे. आठवडाभर सकाळी धुकं पडतंय, विमानं खोळंबतायत. आज खिडकीतून पाहते तर आभाळ लख्ख आहे.